बाबांची खुर्ची परत नेतेय

अहो,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. पाळकसाहेबांचा फोन आला होता, शिंपीणबाईंचा पाय मोडलाय आणि चर्चची चाकांची खुर्ची हवीय. बाबा प्रभूकडे जाऊन चार महिने झाले तरी ती आपल्याच घरात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चाकांना तेल घातलं. आईंनी ती स्वतः पुसली, "देवाची वस्तू अडवून ठेवू नये गं" म्हणाल्या, दारापर्यंत ढकलली आणि परत आत नेली. असं दोनदा! द्या म्हणतायत की नको, मला काही उमजेना. तिसऱ्यांदा मी धरायला गेले, तर त्या तिच्यातच बसल्या. "चल, मीच नेऊन देते."

तशीच ढकलत निघतेय. तुम्ही थेट चर्चमध्येच या. तिथे त्या उठल्या नाहीत, तर मी काय करू?