घरजावई मासा

दि. ६ फेब्रुवारी

चि. मुंगीस, काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. काकू म्हणते, पुतणीने माग काढायला माशांच्या पोटात रेडिओ बसवले, आमच्या रेडिओला मात्र सेल मिळेनात!

घरामागच्या वळणावर पाण्यात आडवं पडलेलं झाड आठवतं ना? त्याच्या मुळ्यांनी माझे किती गळ गिळले! शेवटी नदी-खात्यात अर्ज ठोकला. महिनाअखेरीस यंत्र येऊन खोड ओढून काढणार. पाणी कसं आरशासारखं होईल!

लोभ आहेच, तो पत्रांतून दिसू दे.

तुझा काका

दि. १० फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

अर्जाचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. आमचा एक मोठ्या मिशांचा मासा, पाठीवर पिवळी खूण असलेला, कधीपासून तुमच्या वळणावरच आहे. होडीतून त्याचा रेडिओ ऐकायला जावं तर आवाज दर वेळी त्याच जागेवरून. आमचे साहेब म्हणतात, मेला असणार, नाहीतर काकांच्या तव्यावर गेला!

मला वाटतं, तो त्या मुळ्यांत राहतो. खालच्या अंगाला नदी सरळ, साफ केली, तिथे मासे थांबतच नाहीत, वाटसरूसारखे निघून जातात. पण मेलेल्या माशाच्या साक्षीने झाड वाचायचं नाही. आम्ही जातो ते दिवसा. जिवंत असला तर तिन्हीसांजेला चरायला निघेल. तुम्ही बघाल का? आणि खरं सांगा, खाल्ला नाहीत ना?

राग नसावा, माया असावी.

तुमची मुंगी

दि. १७ फेब्रुवारी

चि. मुंगीस, आशीर्वाद.

तव्यावरचा आळ ऐकून काकूने तवाच पुढे केला, म्हणाली, साहेबांना वास घेऊ दे!

पहिल्या संध्याकाळी डासांखेरीज कुणी भेटलं नाही. काल मात्र ऊन उतरलं आणि मुळ्यांच्या कपारीतून आधी मिशा आल्या, मग स्वारी. पाठीवर पिवळी खूण! उथळात चरत फिरला. माझी काठी पाण्यात पडली, तसा तीरासारखा माघारी कपारीत. त्याच्यामागे बोटाएवढी पिल्लंही पळाली. काकूने नाव ठेवलं, घरजावई.

तेव्हापासून एकच कोडं पडलंय. झाडाला शिव्या घालत मी इतकी वर्षं गळ तिथेच का टाकत होतो? पलीकडच्या मोकळ्या पाण्यात जायला कुणी अडवलं होतं?

सकाळीच जाऊन अर्ज मागे घेतला. कारकुनाने कुरकुरत विचारलं, आता काय झालं? म्हटलं, आत बिऱ्हाड आहे.

जावयासह आम्हां सर्वांवर लोभ असू दे.

तुझा काका