चौदा हार आणि एक आऊट

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, म्हणून अर्धाच धर). तुझा खोकला गेला का? मांजरीला पिल्लं झाली का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

तू विचारलं होतंस, शाळा सोडून टेनिसमध्ये काय उजेड पाडलास. तर माझी कामगिरी आता इंटरनेटवर दिसते. परवापर्यंत सामने चौदा, जिंकले शून्य. मातीच्या कोर्टावर शून्य, गवतावर शून्य, सिमेंटवर शून्य (मी कुठल्याच कोर्टाशी दुजाभाव करत नाही). सर्वोत्तम कामगिरी : पहिली फेरी. बाबांनी ते पान छापून फ्रिजवर लावलंय आणि शेजारी शाळेचा प्रवेश अर्ज. पंधरावा सामना हरले तर अर्ज भरायचा, असं ठरलं. दूध घ्यायला गेलं तरी दोन्ही वाचावे लागतात.

आता खरं कारण सांगते. आमच्या छोट्या स्पर्धांत रेषेवर पंच नसतात. समोरच्याचा बॉल आपल्या बाजूला बाहेर पडला तर आपणच ओरडून 'आऊट' म्हणायचं. मला कुठे ओरडता येतंय? (बसमध्ये माझा स्टॉप आला तरी दुसरं कोणी 'थांबवा' म्हणेल म्हणून मी बसून राहते.) एकीचा बॉल तर मागच्या जाळीला लागून आला, तरी मी तो परत मारला. ती बिचारी आधी गोंधळली, मग तिला सवय झाली.

परवा पंधरावा. तिसऱ्या सेटमध्ये मी पाच-चार पुढे, जिंकायला एकच पॉइंट हवा होता. समोरच्या मुलीचा बॉल हातभर बाहेर पडला. मला तो अर्ज दिसला. मी 'आऊट' म्हटलं, तर ती म्हणाली, "काय?" मग मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या कोर्टावरच्या दोघीही थांबल्या. त्यातल्या एकीचा चांगला पॉइंट गेला. सामना मी जिंकला आणि पुढची दहा मिनिटं त्या पॉइंट गेलेल्या मुलीची माफी मागत होते. सोबतच्या फोटोत मी रडतेय ती आनंदाने नाही.

बाकी ठीक. खोकल्याला जप.

तुझी,
घुमी

ता. क. बाबा म्हणतात, पंधरात एक म्हणजे कामगिरी नाही, अपघात. अर्ज अजून तिथेच आहे. ते फक्त मोठ्या बहिणीला, म्हणजे तुला, घाबरतात. फोन करशील? मला अजून खेळायचंय गं.

ता. क. २ "तिलाच बोलू दे" म्हणाले तर सांग, तिने वर्षभराचा आवाज परवाच संपवला. आणि फोन स्पीकरवर ठेवायला लाव. मी फ्रिजपाशीच उभी असेन, अर्जाचं टोक धरून.