नॉर्मल आवाज माझाच

३ फेब्रुवारी, सोमवार

मशीन आलं एकदाचं. मशीन म्हणजे कॉम्प्युटर, एक माइक आणि सॉफ्टवेअर. पेशंटने माइकसमोर लांब ‘आ’ म्हणायचा, मग इंग्रजीतला एक उतारा वाचायचा. आवाज किती थरथरतो, किती खरखरतो, सगळं आकड्यांत समोर. ठीक असेल तर हिरवं, बिघडला असेल तर लाल. इतकी वर्षं मी हे नुसत्या कानाने करत आलो आणि कधी चुकलो नाही. निदान चुकलो असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

मोठ्या मॅडम, म्हणजे हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंट, म्हणाल्या की अठरा तारखेला डेमो द्या, पटलं तर स्वतंत्र व्हॉइस क्लिनिक काढू. इन्चार्ज कोण, ते बोलल्या नाहीत. बोलायचं काय त्यात? इथे स्पीच थेरपिस्ट मी एकटा.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, आधी स्वतःचा घसा दाखवा. सहा महिने हेच टुमणं. आवाज बसलाय म्हणे. बसलेला नाही, भारदस्त झालाय. वयाबरोबर माणूस जाड होतो, तसा आवाजही होतो. पण पालथ्या घड्यावर पाणी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली टेस्ट स्वतःची घेतली. लाल. सगळे रकाने लाल.

पंखा बंद केला. लाल. एसी बंद केला. लाल, शिवाय घाम. माइक बदलला, वायर बदलली, खुर्चीची दिशा बदलली. शेजारच्या एक्स-रे रूममध्ये जाऊन तुमच्या मशीनमुळे माझा आवाज बिघडतोय असं सुनावून आलो. त्यांचं मशीन दोन दिवस बंदच आहे म्हणे.

बाळ डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. हे आमचे घशाचे नवे डॉक्टर. मिशी अजून नीट फुटायची आहे. म्हणाले, सर, दुर्बिणीने एकदा स्वरयंत्र बघू या का, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, आधी मशीनचं बघू. कालची पोरं, आणि चालली आमच्या घशात उतरायला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं! दोष सेटिंगमध्ये आहे. नॉर्मल आवाज कुठला, हे मशीनला परदेशी इंग्रजी बोलणाऱ्यांवरून शिकवलंय. ते लोक बोलतात नाकातून. त्यांच्याशी तुलना केली तर आपण लाल दिसणारच.

सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे नमुने घालायची सोय आहे. निरोगी आवाजाचे, स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्यांचे. बरेच स्त्री-पुरुष गोळा करा, असं मॅन्युअल म्हणतं. मॅन्युअल लिहिणाऱ्याला डेमो द्यायचा नव्हता. स्वतःलाच विचारलं, या हॉस्पिटलात स्वच्छ इंग्रजी कोण बोलतं? उत्तर देताना संकोच वाटला, पण खरं ते खरं.

वीस नमुने रेकॉर्ड केले. वीसही माझेच. काही सकाळचे, काही जेवणानंतरचे, काही चहानंतरचे. मॅन्युअलला विविधता हवी होती, ती आली. मग टेस्ट घेतली. हिरवं! डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी मुलीचा फोन. दिवाळीलाही घरी आली नाही, ट्रेनिंगसाठी लांब आहे बिचारी. बायकोच बोलली. मी मेसेज करतो, संध्याकाळी आवाज राखून ठेवतो. तसं संध्याकाळी तोंडातून अक्षरही फुटत नाही, पण तो कामाचा शीण.

संकल्प: उद्यापासून चहा बंद, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू.

१० फेब्रुवारी, सोमवार

गुळण्या एकदाच झाल्या. मीठ फार पडलं. त्यावर चहा घ्यावा लागला.

आज स्टाफच्या टेस्ट. धक्काच बसला. रिसेप्शनिस्ट लाल. हेड नर्स लाल. औषधांच्या काउंटरवरची दोघं लाल. आख्खं हॉस्पिटल आवाजाने आजारी, आणि कुणाला पत्ता नाही. मी नसतो तर काय झालं असतं या लोकांचं?

रिसेप्शनिस्टची केस सर्वांत गंभीर. तिला आठवडाभर मौन सांगितलं. मुलगी गुणी, लगेच गप्प झाली. दुपारपर्यंत फोन वाजून वाजून थकले, ती उचलायची आणि नुसती मान हलवायची. तक्रार मोठ्या मॅडमपर्यंत गेली. माझं नाव निघालं. भलाईचे दिवस राहिले नाहीत.

बाळ डॉक्टरांनी दुर्बीण घालून तिचा घसा बघितला. आरशासारखा स्वच्छ आहे म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही डोळ्याने बघता, आजार आवाजात आहे.  ते मात्र माझा आवाजच लक्ष देऊन ऐकत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी एक निरोगी माणूस भेटला. भाजीबाजारातला लिलाववाला. तीस वर्षं ओरडतोय. ‘आ’ म्हटला आणि सगळं हिरवंगार! माझ्या खालोखाल.

बाळ डॉक्टरांनी याला ऑपरेशन सांगितलं होतं. स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणे. मी त्याला रिपोर्ट दाखवला आणि ऑपरेशन रद्द करा म्हटलं. त्याने माझा हात घट्ट धरला. म्हणाला, साहेब, तुमचा न् माझा आवाज अगदी सख्ख्या भावांचा वाटतो. कौतुक म्हणून घेतलं.

बाळ डॉक्टरांनी त्याला गेटवरून परत आणलं. त्यांना चांगलं झापणार होतो, पण ऐन वेळी आवाज गेला. नुसतं बोट हलवून आलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्या डेमो. बायकोला दिवसभराचं गाऱ्हाणं सांगितलं, म्हणजे अर्धं कागदावर लिहून दाखवलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी बोललो नाही. म्हणजे बोलायचं होतं.

तिने ताट पुढे केलं आणि हलकेच म्हणाली की तिला भीती वाटते. कसली, ते मी विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात लिहितो.

मोठ्या मॅडमनी स्वतःच टेस्ट द्यायची ठरवली. उतारा खणखणीत वाचला. स्क्रीन लाल. खाली ठळक अक्षरांत: गंभीर बिघाड.  त्यांनी विचारलं, मला नक्की काय झालंय? समजावायला गेलो तर खोकल्याची उबळ आली.

बाळ डॉक्टरांनी अदबीने विचारलं, सर, नमुने कुणाचे घेतले? उत्तर द्यायला आवाज नव्हता, हे बरंच झालं. त्यांनी फोल्डर उघडलं. वीस फायली, वीसही माझ्या नावाच्या. त्यांनी मूळचे नमुने परत लावले. मॅडम हिरव्या. रिसेप्शनिस्ट हिरवी. लिलाववाला लाल. माझी फाईल कुणी उघडायला सांगितली नव्हती, मशीनने क्रमाने तीही उघडली. लाल. सपशेल तोंडघशी पडलो.

क्लिनिक बाळ डॉक्टरांकडे. मला सक्तीची रजा. घसा तपासून घेतल्याशिवाय पेशंट बघायचे नाहीत, असं मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या. तपासणार नाहीच. मशीन परदेशी, डॉक्टर पोरगेला, आणि मॅडम दुखावलेल्या. यात माझ्या घशाचा काय संबंध?

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

आज बरं वाटत होतं. विश्रांतीने फरक पडलाय असं वाटलं.

बायको अंघोळीला गेली होती. तिचा फोन वाजला. मुलीचा. म्हटलं, आज आपण बोलू. किती दिवस झाले. उचलला आणि हॅलो म्हटलं.

 तिने विचारलं, “कोण बोलतंय?”

“अगं मी.”

“मी म्हणजे कोण? आईचा फोन तुमच्याकडे कसा? आई बरी आहे ना?”

बाबा बोलतोय, असं म्हटलं. तिला पटेना. परत म्हटलं, तर नुसती हवाच आली.

ती रडकुंडीला आली. “माझ्या बाबांचा आवाज मला माहितीये. प्लीज आईला द्या.”

नॉर्मल आवाज कुठला, हे हिला तर कुणी शिकवलं नव्हतं. जन्मापासून ऐकतेय.

बाथरूमचं दार वाजवलं. बायकोने ओल्या हाताने फोन घेतला, ऐकलं आणि म्हणाली, “अगं, बाबाच होते ते.” 

बाळ डॉक्टरांना मेसेज टाकला, आज बघाल का. लगेच या म्हणाले.

बायको म्हणाली, मी येते बरोबर. नको म्हणायला तोंड उघडलं, काही आलं नाही. ती चपला घालून दारात उभी आहे.