घंटेची घाई

अन्लोगा, ता. ३ मार्च १९९१

ती. आईस,
एसिनामचा शि. सा. नमस्कार.

ढोल शिकायला पाठवलंस खरं, पण सेनयोमामा ढोलाला बोटही लावू देत नाही. हातात रिकामी बाटली आणि चमचा दिलाय. आधी घंटेचा ठेका अंगात मुरू दे, म्हणतो. कांद्याच्या वाफ्यांना पाणी घालतानाही माझ्या तोंडात तोच! झिग्बोडीमावशी म्हणते, अक्राच्या पोरींना मेली सगळ्याचीच घाई.

घंटा पळाली की ढोलवाले, नाचणारे सगळेच घसरतात, म्हणून घाई केलीस तर घंटा काढून घेईन अशी मामाची धमकी आहे. महिनाअखेर आजीच्या आठवणीचा आग्बाजा नाच आहे, तिथे घंटा मी वाजवणार. तू येच. मावशीचा राग तसाच आहे गं. जोडीने नाचणारी बहीण ऐन स्पर्धेच्या तोंडावर लग्न करून अक्राला पळाली, हे चुलीवर अक्पलेचं पीठ घोटता घोटता मलाच ऐकवते.

तुझी लाडकी,
एसिनाम

अक्रा, ता. १२ मार्च

चि. एसिनामस अनेक आशीर्वाद.

माझा गुडघा दुखतो. खरं सांगू? गुडघ्याचं निमित्त आहे. नाचात कुणी समोर येऊन उभं राहिलं तर उठायचंच असतं. पण तुझी मावशी कुणाच्या बापाचं ऐकते? मी पुढ्यात गेले आणि ती बसूनच राहिली तर, साऱ्या गावादेखत? या भीतीपायी इतकी वर्षं तिकडे फिरकले नाही. येईन, पण मागच्या बाकावर बसेन. आग्रह करू नकोस.

तुझी,
आई

अक्रा, ता. ४ एप्रिल

चि. एसिनामस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गुडघा टम्म सुजलाय. मावशीला कळवू नकोस, हसेल.

तीच गर्दीतून नाचत थेट माझ्या बाकापाशी येईल असं स्वप्नातही नव्हतं. मला रडू फुटलं, उठवेना. तर म्हणते कशी, रडायचं तर नाचत रड, ठेका चुकवू नकोस. आमचे खांदे अजून एकत्र हलतात गं! फार बरं वाटलं.

पण ती माझ्यापुढे उभी राहिली तेव्हा तुझी घंटा पळाली. मी ऐकली. मामाने ढोलामागून डोळे वटारले तेही पाहिलं. चूक ती चूकच, पुन्हा बाटली-चमचा घेऊन बस. फक्त मामाला एक सांगू नकोस. त्या घाईनेच मला बाकावरून उठवलं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
आई