दुसऱ्या दोराची बातमी

१२ सप्टेंबर १९७८

परत मेला! प्रवाह परत मेला.

कागदावर मेला म्हणजे. खरा तिकडं हिंदी महासागरात, विषुववृत्ताखाली, खोल काळोखात वाहतोच आहे — एक थर पूर्वेला, त्याखालचा पश्चिमेला, त्याखालचा पुन्हा पूर्वेला. मी स्वतः जहाजावरून दोर सोडलेत, त्यांना मोजणीची यंत्रं बांधलीत. वारा तिथवर पोचत नाही. घर्षणानं ते पाणी केव्हाच थांबायला हवं. थांबत नाही. माझ्या गणितात मात्र दर वेळी थांबतं. का?

उजवा डोळा गेला. डाव्यातून नळीतून बघितल्यासारखं दिसतं. काचबिंदू. "गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपा." डॉक्टरांचे शब्द. गोव्याची नोकरी सुटली, सोलापुरात येऊन पडलो. जपायचं काय? हेच गणित.

१५ सप्टेंबर

डोकं फुटतंय. दोनदा उलटी.

२० सप्टेंबर

सुचलं! आजवर सरासरी काढत होतो. महिना-दीड महिन्यात पाणी इकडून तिकडं डोलतं, सरासरीत ते शून्य होतं, म्हणून कचरा समजून फेकत आलो. पण पाणी पूर्व-पश्चिम डोलतं तसं उत्तर-दक्षिणही डोलतं. दोन्ही डोलणी ताल धरून असतील तर त्यांचा गुणाकार शून्य होणार नाही. प्रत्येक हेलकाव्यातून थोडा रेटा उरेल. प्रवाह त्याच्यावर जगत असेल तर?

सगळ्या नोंदी पहिल्यापासून घ्यायला हव्यात. एकेक. आणि मला आकडा दिसत नाही!

२३ सप्टेंबर

नीलम्मा म्हणाली, "मी वाचते की."

बायको चौथी शिकलेली. पण मैंदर्गीला वडिलांच्या किराणा दुकानात बसायची, इंग्रजी आकडे येतात. ती वाचते — "पूर्वेला बारा, उत्तरंला तीन" — आणि मी जाड पेनानं मोठ्ठं लिहितो, गणनयंत्राचा दांडा फिरवतो. यंत्र चनबसप्पानं आणून दिलं. जुना मित्र, इथंच कॉलेजात गणित शिकवतो.

२ ऑक्टोबर

नोकरीतल्या जुन्या साहेबांना गोव्याला कळवलं होतं. उत्तर आलं, चनबसप्पानं वाचून दाखवलं. ते डोलणं पाण्याचं नाही म्हणे, दोराचं. दोरच हलत होता! डिसेंबरात सरासरीचाच निबंध छापायला जाणार, माझं नाव घालून. प्रवाह थांबू नये म्हणून त्यात एक संथ रेटा "गृहीत" धरलाय. कुणी पाहिला तो रेटा? कुठून आला?

दुसरा दोर आहे की! माझ्याकडं नोंदी आहेत त्या पहिल्या दोरापासून कितीतरी मैल लांब. त्याच्या नोंदी तिकडं न उघडता पडल्यात. तिथंही असंच डोलणं निघालं तर ते पाण्याचंच. तेवढं बघा म्हणून लिहिलं.

११ ऑक्टोबर

उत्तर नाही.

१९ ऑक्टोबर

आज चाचपडत कंबर तलावावर गेलो. काठावर बसलो. पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज. नको ते मनात आलं. चप्पल काढून ठेवली होती.

नीलम्मा मागून आली. रडली नाही, ओरडली नाही. "उठा. आजची चार पानं राहिल्यात," म्हणाली. घरी येईपर्यंत हात सोडला नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. मला पणत्या दिसल्या नाहीत. तिनं विचारलं, "दिसतंय का हो?" मी व्हय म्हणालो.

तिचा घसा बसलाय. "साकु," म्हणते, पुरे — आणि पुढचं पान घेते.

९ नोव्हेंबर

जिवंत आहे!! शेवटपर्यंत चालवून पाहिलं. डोलण्याचा रेटा धरला की थर वाहत राहतात. काही गृहीत धरावं लागलं नाही! नीलम्माला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग आता जेवा."

पण रात्रीपासून एकच. दोरच हलत असेल तर? मग माझा रेटाही खोटा. साहेब खरे.

१२ नोव्हेंबर

झोप नाही. जेवण नाही. पुन्हा तलाव आठवतो.

१४ नोव्हेंबर

बातमी! मी पडून होतो तेव्हा कॉलेजचा शिपाई दारात येऊन गेला. गोव्याहून तिकडं फोन आला होता. नीलम्मानं सांगितलं, "दुसऱ्या दोरावर बी तसंच डोलतंय म्हनं. तुमचंच बरोबर." तीनदा म्हणायला लावलं. पोटभर जेवलो. झोपलो!

१७ नोव्हेंबर

चनबसप्पा आला. त्याला फोनचं सांगितलं. "कुठला फोन?" म्हणाला. "कॉलेजचा फोन दिवाळीपासून बंद हाय की, गुरुलिंग."

नीलम्मा स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला.

पण जी फोन रचून सांगते, ती आकडे? मी दमलो की तिला कळायचं. मी खचलो की कळायचं. मला हवा तसा आकडा तिनं कितीदा दिला असेल? मग माझा प्रवाह म्हणजे काय? तिची माया?

१८ नोव्हेंबर

नीलम्मा मंदिरात गेली तेव्हा चनबसप्पाला बसवलं. मूळ नोंदी आणि माझे कागद, दोन्ही शेजारी ठेवून ताडायला लावले. संध्याकाळ झाली.

एकही आकडा बदललेला नाही. खोटा तेवढा फोन.