दोघींचं बहुमत

३ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवं घर, आणि पहिल्याच फेरीत किल्ली कुलपात बसली. सुरुवात तर झकास. डेटा सेंटर घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आत हुडहुडी भरवणारी थंडी, सर्व्हरच्या उंच कपाटांच्या रांगा आणि पंख्यांची घरघर. लोकांनी आमच्याकडे साठवलेलं काही हरवू द्यायचं नाही, हे माझं काम, असं मी घरी ऐटीत सांगितलं. लेक चिमीने विचारलं, मग माझी पट्टी रोज कशी हरवते? तिचे बाबा पोट धरून हसले.

५ तारीख, बुधवार

डोकं फिरलंय माझं. गेल्या महिन्यात एका दवाखान्याच्या रुग्णांचे सगळे अहवाल गेले. दोन प्रती होत्या म्हणे. होत्या ना, दोन्ही एकाच कपाटात. कपाटातली वायर जळाली आणि दोन्ही एकदम गेल्या. जागा वाचवायची ही शक्कल साहेबांची, पण चौकशीच्या कागदात दोष लिहिलाय डिस्क बदलणाऱ्या काकांचा. काका निवृत्तीला आलेत. नोकरी जाईल त्यांची. त्या कागदावर आता तज्ज्ञ म्हणून माझी सही हवी आहे. मी म्हटलं, मेले तरी करणार नाही.

साहेब हसून म्हणाले, "तुम्ही फार तापट आहात हो. जरा शांतपणे घ्या."

७ तारीख, शुक्रवार

तणतणतच नवं धोरण लावून टाकलं. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तीन वेगळ्या कपाटांत. यंत्रणा त्या सारख्या ताडून बघणार. एक प्रत वेगळी निघाली तर ती खराब समजायची आणि उरलेल्या दोन प्रतींसारखी करून टाकायची. 'कशाला लागू' या रकान्यात मी 'सर्व काही' निवडलं. साहेबांना पळवाटच नको. यंत्रणेने खात्री आहे का, असं विचारलं. पुढचं न वाचताच मी हो केलं.

१० तारीख, सोमवार

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, मॅडम, तुम्ही मघाशीच आत गेलात, आणि आज चक्क हसून गेलात. असली थट्टा मला खपत नाही, हे त्याला तिथेच सुनावलं.

माझी खुर्ची मात्र कोमट होती.

११ तारीख, मंगळवार

सकाळी चिमीची वेणी घालायला गेले, तर ती घातलेली. म्हणाली, आत्ताच तर घातलीस आई, आणि आज केस ओढले नाहीस. नवऱ्याने विचारलं, अजून किती कप चहा पिणार आहेस?

माझ्या घरात शिरून माझ्या मुलीच्या केसांना हात लावणारी ही सटवी कोण?

१२ तारीख, बुधवार

बघितल्या. दोन रांगांच्या मधल्या वाटेत, माझ्याच निळ्या स्वेटरमध्ये. दोघी. माझंच तोंड, कपाळावर एकही आठी नाही. साहेब त्यांच्याशी बोलत होते आणि त्या मान डोलवत होत्या. साहेबांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

पडद्यावर माझ्या नावापुढे लिहिलंय — तीन प्रती. दोन जुळतात. एक वेगळी. दुरुस्ती चालू.

धोरण बंद करायला गेले. बहुमत लागतं. दोघींनी आधीच नाही म्हटलंय. मी पडद्यावर मूठ आपटली. मी लावलेलं धोरण, मी —

१३ तारीख, गुरुवार

काल कशावरून एवढं — काका. हो, काका. दोष त्यांच्यावर ढकलला. विसरत चाललेय, म्हणून लिहून ठेवते. तू चिडली होतीस आणि तुझंच बरोबर होतं. सही करू नकोस. सही करू —

भीती वाटतेय. त्या भीतीचाही राग येतोय. येत होता —

१४ तारीख, शुक्रवार

छान झोप लागली. चिमीची वेणी आम्ही घातली. साहेबांनी कागद पुढे केला, सही करून टाकली. उगाच ताणून धरलं होतं. काका डबा उचलून निघून गेले. जाताना माझ्याकडे बघत होते, का कोण जाणे.

मागचं पान आत्ताच वाचलं. अक्षर माझंच आहे. पण किती दाबून लिहिलंय, कागद फाटलाय. एवढं कुणावर —