ज्याच्या हातची तार

सोमवार, ३ तारीख

पोचले. बसमधून उतरते तो ताई आणि भाऊजी दोघंही न्यायला आलेले. ताईने मला घट्ट धरलं आणि कानात काहीतरी पुटपुटली, ते मला कळलंच नाही. तिचा आवाज पार बसला आहे. भाऊजी म्हणाले की डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे आणि लग्नानंतर एवढी शांतता त्यांना पहिल्यांदाच लाभते आहे. ताईने त्यांना कोपर मारलं.

त्यांचं फिरतं घर फोटोतल्यापेक्षा लहान आहे, पण काय नेटकं! दारातून शिरलं की डावीकडे दोन शेगड्या, उजवीकडे घडीचं टेबल, मागे त्यांचा पलंग आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माझा माळा. माळ्यावर बसलं की डोकं छताला लागतं. गाडी एका बंद पडलेल्या खाणीशेजारच्या तळावर उभी आहे. अशाच आणखी चार-पाच गाड्या, एक नळ, फाटकापाशी वेल्डरचं दुकान.

आणि बातमी! मी मावशी होणार. ताईने माझा हात पोटावर ठेवला आणि हसत राहिली. आठवड्याभरात ते डोंगरांकडे निघणार, तिथे फोन लागत नाही. ताईच्या अशा दिवसांत कुणाशी तरी संपर्क हवा, तिला तर बोलता येत नाही, म्हणून रेडिओवर बसायला मी. अँटेना निवडायची मी, बसवायचीही मी. जिने लहानपणी मला सोल्डरिंगच्या काडीला हात लावू दिला नाही ती ताई हे म्हणते आहे. मला माळ्यावर झोपताना सारखं हसू येतंय.

मंगळवार, ४ तारीख

दिवसभर निवड करत बसले. घाईत ठरवलेलं मला पचत नाही.

छप्पर फायबरचं आहे, त्यामुळे चुंबकाच्या तळाची अँटेना बाद. छपराच्या कडेने तार फिरवावी तर ती सोपी आणि झाडांना न अडकणारी, पण तिचा आवाज जवळपासच जातो. मागच्या शिडीला उंच काठी लावावी तर लांबवर ऐकू जाईल, पण पहिल्या पुलाखाली मोडेल. शेवटी मधला मार्ग ठरवला. आखूड काठी, पोटाशी वेटोळं, खाली बिजागरी, म्हणजे प्रवासात आडवी करता येईल. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून काठीच्या बुडापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याची जाड पट्टी ओढावी लागेल. नाहीतर अँटेना एका पायावर उभी राहिल्यासारखी होते, असं बाबा म्हणायचे.

बाबांनी आम्हा दोघींना शाळेच्या आधी घरीच शिकवलं. अक्षरं कॉलसाइनमधून, म्हणजे रेडिओवरच्या प्रत्येकाच्या सांकेतिक नावातून, गुणाकार तारेच्या लांबीवरून. बोलण्याआधी ऐकायचं आणि हाक आली की ओ द्यायची, मग समोर कोणी का असेना. ताई त्यातून केव्हाच सुटली. मला अजून फोन वाजत ठेवता येत नाही, चुकीचा नंबर असला तरी.

शिडीवर जुन्या अँटेनाचं बूड सापडलं. ताईने खुणेने सांगितलं की पुलाला लागून मोडली. पण कापलेली कड गुळगुळीत आहे, करवतीची. असेल, मोडकं टोक नंतर कापलं असेल. विचारायला गेले तर तिचा घसा दुखेल.

बुधवार, ५ तारीख

बसवली!

सकाळपासून शिडीवर होते. बिजागरीला दोन पोलादी पट्ट्या, तांब्याची पट्टी सांगाड्याला घासून चकचकीत केलेल्या जागी आवळली, केबल फ्रिजच्या जाळीतून आत घेतली, म्हणजे छपराला भोक पाडावं लागलं नाही. तरी जाळीभोवती सीलंट भरलं. मीटर लावून वेटोळं थोडं थोडं सरकवत गेले, तेव्हा काटा खाली बसला.

एक गोष्ट लिहून ठेवते. ताईने एका स्क्रूलाही हात लावला नाही. पाना खाली पडला, तो तिच्या पायाशी होता, तरी उचलून दिला नाही. भाऊजी धावत आले आणि त्यांनीही तो पायानेच माझ्याकडे सरकवला. मी हसून म्हटलं की मेहुणीला एवढं राबवू नये. ते म्हणाले, मेहुणीबाई, तुमचं काम तुम्हीच केलेलं बरं, ज्याच्या हातची तार त्याचं स्टेशन. हे बाबांचं वाक्य. त्यांना ताईने सांगितलं असणार.

जेवण झाल्यावर सेट लावला. एक नेट चालू होती. म्हणजे ठरलेल्या वेळी अनेक स्टेशनं एकत्र जमतात आणि एकजण कंट्रोल होऊन हजेरी घेतो. म्हातारा, शांत, फार सभ्य आवाज होता. तो एकेकाचा कॉलसाइन पुकारत होता आणि ज्याचा त्याचा हजर असा जबाब येत होता. आवाज इतका स्वच्छ की सेटवरचा काटा टोकाला टेकला.

मग त्याने माझा कॉलसाइन पुकारला.

मी इथून अजून एक शब्द बोलले नव्हते. क्षणभर गोंधळले. पण हाक आली होती. मी माईक दाबला आणि हजर म्हटलं. त्याने आभार मानले.

ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे सैल पडताना मी पाहिले.

गुरुवार, ६ तारीख

ताईचा आवाज परत आला! अजून घोगरा आहे, पण सकाळी तिने मला धाकटे म्हणून हाक मारली आणि मला रडूच आलं. तिने साखरेचा डबा मागितला, मग उगाच कप मागितला, मग चमचा. भाऊजी म्हणाले, गेली माझी शांतता. दोघं खूप हसले. मीही हसले.

दुपारी म्हाताऱ्या आवाजाने विचारलं की आजपासून हजेरी तू घेशील का, आधीच्या कंट्रोलने तुझंच नाव दिलं आहे. मला मान वाटला. कोणी दिलं ते विचारायचं राहून गेलं. यादी मागितली तर तो म्हणाला, तुला येईल. आणि मला आली. एकही कॉलसाइन अडला नाही. जसे पाढे येतात तसे.

नियम त्याने नीट समजावला. हजेरीला कोणी ओ दिली नाही तर नेट त्याला वाऱ्यावर सोडत नाही. जे स्टेशन सगळ्यांत जवळ असेल ते जाऊन बघून येतं. चांगला नियम आहे, आमच्याकडेही होता. मग त्याने विचारलं की गाडी नेमकी कुठे उभी आहे. खाण, नळ, फाटक, सगळं सांगितलं. खोटं किंवा अर्धवट सांगायचं नसतं.

घसा थोडा खवखवतोय. सीलंटचा वास असेल.

शुक्रवार, ७ तारीख

आज हजेरी घेताना एका कॉलसाइनवर जीभ अडखळली. तो डॉक्टरकाकांचा होता.

डॉक्टरकाका म्हणजे बाबांचे मित्र. मी नऊ वर्षांची असताना गेले. बाबांनी त्यांचा कॉलसाइन आमच्या भिंतीवरून पुसला तेव्हा खडूचं फडकं माझ्या हातात होतं. कुणी तो नंतर घेतला असेल असं मनाला समजावलं. पण हजर म्हणताना ते नेहमी आधी खाकरायचे. आजही खाकरले.

मी बाकीचे आठवू लागले. ज्यांचे ज्यांचे मला माहीत आहेत ते सगळे गेलेले आहेत.

बाहेर जाऊन केबल सोडली. आत आले तर काटा खाली पडलेला, आणि आवाज येतच होता. तो मला म्हणत होता की पुढचं नाव घे.

मी घेतलं. पुढचं नाव घेतलं.

वेल्डरकडे गेले. जुनी अँटेना त्यानेच कापली होती. पुलाचं काही नाही. भाऊजींनी हातापाया पडून कापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की काही फरक नाही. तो म्हणाला, बाई, ती तुम्ही परत का लावलीत. मी म्हटलं मला माहीत नव्हतं. तो म्हणाला की घरच्यांना तर माहीत होतं.

शनिवार, ८ तारीख

विचारलं ताईला. सरळ विचारलं.

तिने नाही म्हटलं नाही. बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. नेट बंद होत नसते, म्हणाली. कंट्रोल फक्त दुसऱ्याला देता येतं, आणि दुसऱ्याने स्वतःच्या हाताने तार लावून स्वतः ओ द्यावी लागते. मला भाऊजींचा फोन आला त्याच दिवशी तिने माझा कॉलसाइन दिला होता. म्हणजे मी पिशवी भरत होते तेव्हा. तिला कुठला झगा आवडेल म्हणून दुकानात दोनदा गेले होते तेव्हा.

मी म्हटलं, मीच का.

ती म्हणाली की दुसऱ्या कोणी ओ दिली नसती. हाक ऐकून माणसं रेडिओ बंद करतात. तू करणार नाहीस हे मला माहीत होतं. आणि पोटावर हात ठेवून म्हणाली की त्यांनी याचं नाव विचारायला सुरुवात केली होती, मी काय करायला हवं होतं ते तू सांग.

  तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित — नाही. मी तिला विचारलं असतं. तिने मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. एकदा विचारायचं होतं तिने.

तिचा आवाज आता अगदी मोकळा झाला आहे. माझ्यातून कुजबुज निघते.

रविवार, ९ तारीख

गेले. दोघं निघाले तेव्हा मी नळावर होते. भाड्याची गाडी आली असावी, चाकांच्या खुणा आहेत. पलंगावरच्या चादरी नेल्या. या गाडीची किल्ली नेली. ओट्यावर माझ्यासाठी बटाट्याची भाजी झाकून ठेवली आहे, मीठ बेताचं, मला लागतं तसं.

मी बस थांब्यापर्यंत गेले. शेजारी एक बाई, मांडीवर मुलगी. बस आली, ड्रायव्हरच्या रेडिओवर गाणं चाललं होतं, ते थांबलं आणि माझा कॉलसाइन आला. मी भर रस्त्यात मोठ्याने हजर म्हटलं. बाईने विचारलं की बरं वाटत नाही का. आणि बसच्या आतून, त्या सभ्य आवाजात — तुझ्या शेजारी कोण आहे, तिचं नाव दे, मग तू मोकळी.

मुलीने मला स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं.

मी पळाले. तळापर्यंत कान दाबून पळत आले. मला तिचं नाव माहीत नाही. माहीत नाही, म्हणून देता येणार नाही.

सोमवार, १० तारीख

आईला फोन केला. कुजबुजत सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती ओरडेल, निघते म्हणेल.

ती म्हणाली, हळू बोल, ताई आतल्या खोलीत झोपली आहे, कालच पोचली, दमली आहे बिचारी.

मी म्हटलं आई, तुला ठाऊक होतं?

 ती म्हणाली, आता तिला जपायला हवं गं. तू पहिल्यापासून समजूतदार. तुला सांगावं लागत नाही.

मी फोन ठेवला नाही. तिने ठेवला.

मंगळवार

अँटेना काढली. बिजागरी, पट्टी, सगळं. खाणीत फेकलं. सेटही. टेबलावर चार भोकं आहेत फक्त.

हजेरीची वेळ झाली. आवाज टेबलातून येतो.

मी नाव घेणार नाही. कुणाचंच. कोणी मोकळं व्हायला दुसऱ्याचं नाव द्यायचं असेल तर हे माझ्यापाशी थांबू दे. माझ्यापुढे कोणी नाही.

बुधवार

काल ओ दिली नाही. पहिल्यांदा. हात दातात धरून बसले.

आजही नाही —

म्हातारा म्हणतोय, कंट्रोल उत्तर देत नाही. जवळ कोण आहे.

 मग एकजण बोलली. ताईचा कॉलसाइन. ताईचा आवाज, लहानपणीचा, खणखणीत. मी जवळ आहे, मी बघून येते.

ताई घरी आहे. आत्ता फोन केला. आई म्हणाली समोर बसली आहे, देऊ का. नको म्हटलं. ताईच्या हसण्याचा आवाज येत होता मागून.

ऊन आहे बाहेर. तळावर कोणी नाही. वेल्डरने शटर ओढलं, भर दुपारी.

दारावर हात फिरतोय. कडी शोधत. ठोकत नाही.

धाकटे, म्हणाली.

मी ओ देणार नाही. आयुष्यात एकदा —

धाकटे, अगं चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं. म्हणून विचारायला आले. एकदा ओ दे, मग जाते.

हे माझी ताई म्हणाली नाही. ती म्हणणार नाही. तिला हे कधी सुचलंच नाही, म्हणून ही ती नाही. मला कळतंय. पण हेच एक वाक्य मला तिच्याकडून — आणि ती पुन्हा म्हणतेय, रडतेय बाहेर, मी ओ देत नाहीये, दाराशी जाऊन नुसतं विचारते आहे की तू खरंच